सैन्य स्वतंत्र भारताचं, भरतीचे नियम मात्र साहेबाचे!

भरतीची तयारी करणाऱ्या तरुण-तरुणींनो, माजी सैनिकांनो, आणि सैनिकांच्या आईवडिलांनो,

2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीमध्ये नौदलाच्या निशाणावरून सेंट जॉर्जचा लाल क्रूस उतरला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन त्यावर आला. पुढच्या वर्षी 4 डिसेंबरचा नौदल दिन सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर साजरा झाला. या दोन्ही गोष्टींचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण सैन्य कुणाचं, हे निशाणावरून ठरत नाही. त्यात कोण जाऊ शकतो, आत गेल्यावर त्याला कसं वागवतात आणि कुठल्या कायद्याखाली तो कुणावर बंदूक रोखतो, यावरून ते ठरतं. या तिन्ही बाबतींत इंग्रज साहेबानं घालून दिलेले नियम आपण अजून पाळतो आहोत. म्हणून हे पत्रक.

सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, बीड, कुठल्याही जिल्ह्यात पहाटे रस्त्यावर या. भरतीसाठी पळणारी पोरं दिसतील. कुणी शेतमजुराचा मुलगा, कुणी ऊसतोड कामगाराचा, कुणी माजी हवालदाराचा नातू. घाम सगळ्यांचा सारखाच गळतो. पण पायदळातल्या कित्येक पलटणींचे आणि कंपन्यांचे दरवाजे या पोरांना जन्मानुसार उघडतात किंवा बंद होतात. अमुक रेजिमेंट जाटांची, अमुक डोग्रांची, अमुक शिखांची, अमुक राजपुतांची. ही वाटणी कुणी केली आणि कशासाठी केली, हे त्या पोरांना अकॅडमीत कुणी शिकवत नाही.

ती 1857 नंतर झाली. बंगालच्या फौजेत ब्राह्मण, राजपूत, मुसलमान शिपाई एकाच रांगेत उभे होते आणि एकदमच उलटले. ईस्ट इंडिया कंपनीचं सरकार हादरलं. 1858 मध्ये नेमलेल्या पील आयोगापुढे एकच प्रश्न होता: हे पुन्हा होऊ द्यायचं नसेल तर काय करायचं? गोऱ्या सैनिकांचं प्रमाण वाढवलं गेलं आणि तोफखाना जवळजवळ पूर्णपणे गोऱ्यांच्या हाती गेला. देशी शिपायांची जात, धर्म, प्रांत पाहून अशी मांडणी झाली की एक गट बिथरला तर दुसरा त्याच्यावर सोडता यावा. देशाचं रक्षण हा त्या मांडणीचा हेतू नव्हता. देश ताब्यात ठेवणं हा होता.

पुढे या भीतीला शास्त्राचा अंगरखा चढवला गेला. 1885 ते 1893 या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांनी काही जाती जन्मानं लढवय्या आणि बाकीच्या जन्मानं नेभळट, असं ठरवून टाकलं. उत्तरेकडचे, वायव्येकडचे लढवय्ये. मद्रासी, बंगाली आणि आपल्याकडचे कित्येक समाज निरुपयोगी. 1857 मध्ये जे इंग्रजांच्या बाजूनं लढले त्यांतले बरेच जण 'लढवय्ये' निघाले, हा योगायोग नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1940 मध्ये 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या ग्रंथात सैन्याच्या घडणीचा पट मांडून या सिद्धांताचा पोकळपणा दाखवून दिला आहे. भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येकानं ते प्रकरण वाचावं.

महाराष्ट्रानं या सिद्धांताचा फटका कसा खाल्ला ते पाहा. शिवकाळात महार, रामोशी आणि इतर समाजांतली माणसं गडकोटांच्या राखणीवर होती. कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या लढले. भीमा कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावं इंग्रजांनीच कोरली. आणि 1892 च्या सुमारास त्याच समाजाची भरती इंग्रजांनी बंद केली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची नावं दगडावर, त्या तरुणांना सांगण्यात आलं की तुम्ही लढवय्ये नाही.

या बंदीनं फक्त पगार बुडाला असं कुणी समजू नये. पलटणीत शिपायाला आणि त्याच्या मुलांना शाळा होती. गावकीच्या कामातून सुटका होती. निवृत्तीनंतर पेन्शन होती आणि गावात ताठ मानेनं वावरण्याची हिंमत होती. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या छावणीत लष्करी शाळेत शिकवत होते आणि त्याच छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. दापोलीला स्थायिक झालेले निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 मध्ये बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांपर्यंत मागणी नेली. सरकार हललं ते स्वतःची गरज पडली तेव्हाच. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, 111 वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि 1921 मध्ये ती मोडीत निघाली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी रेटा लावल्यावर 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. 1943 मध्ये चमार रेजिमेंट उभारली गेली आणि 1946 मध्ये तीही बरखास्त झाली. गरज असेपर्यंत शूर, गरज सरली की अस्पृश्य!

आता कुणी विचारेल की हे सगळं साहेबानं केलं, स्वतंत्र भारताचा त्यात काय दोष? दोष आहे, आणि तो स्पष्ट बोलला पाहिजे. 1949 मध्ये जनरल करिअप्पांनी सर्व भारतीयांसाठी खुली असलेली ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभारली. जातवार नव्या रेजिमेंट उभारायच्या नाहीत असं धोरणही ठरलं. पण जुन्या रेजिमेंटची घडण तशीच ठेवली. सुधारणा दाराशी आली आणि आत पाऊल न टाकता थांबली. पंच्याहत्तर वर्षं झाली, ती अजून तिथेच उभी आहे.

याहून मोठं उदाहरण दिल्लीतच आहे. राष्ट्रपतींचं अंगरक्षक दल 1773 मध्ये वॉरन हेस्टिंग्जनं स्वतःसाठी उभारलं. आजही त्यात जाट, राजपूत आणि जाट शीख या समूहांतूनच सैनिक घेतात. हा प्रश्न न्यायालयात गेला तेव्हा उंची, बांधा आणि समारंभात सगळे एकसारखे दिसणं, ही कारणं सैन्यानं दिली. के. आर. नारायणन राष्ट्रपती झाले, द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या. दलित माणूस आणि संथाळ स्त्री या देशाच्या सर्वोच्च सेनापती होऊ शकतात, पण त्यांच्या समाजाचा उंचापुरा मुलगा त्यांच्याच दारावर भाला धरून उभा राहू शकत नाही. हे प्रजासत्ताकाला शोभत नाही.

जातवार पलटणींच्या बाजूनं एक युक्तिवाद नेहमी होतो, आणि तो करणारे बरेचसे प्रामाणिक सैनिक आहेत. एकाच बोलीची, एकाच खाण्याची, एकाच देवाचं नाव घेणारी माणसं गोळीबारात एकमेकांसाठी जीव देतात, असं ते म्हणतात. त्यांच्या शौर्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. मराठा लाइट इन्फंट्रीचा इतिहास आम्हालाही पाठ आहे आणि तो कुणी पुसावा असं आम्ही म्हणत नाही. पण युक्तिवाद टिकत नाही. नौदलात आणि हवाई दलात जातवार तुकड्या नाहीत. तिथे कुणी कमी लढतं का? महार रेजिमेंट स्वातंत्र्याच्या सुमारासच सगळ्या समाजांसाठी खुली झाली. तिची युद्धघोषणा कुठल्या देवाच्या किंवा जातीच्या नावानं नाही, हिंदुस्थानच्या नावानं आहे. कृष्ण राव आणि सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटनं दिले. 25 नोव्हेंबर 1987 रोजी श्रीलंकेत छातीत गोळी लागल्यावरही लढत राहून परमवीरचक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले तमिळ होते, आणि पलटण होती 8 महार. ज्या रेजिमेंटचं नाव एका जातीचं आहे तिनंच जातीशिवाय सैन्य कसं असतं ते दाखवून दिलं. बाकीच्यांना काय अडचण आहे?

उलट, एकजिनसी पलटणीचा धोका देशानं सोसला आहे. जून 1984 मध्ये सुवर्णमंदिरातल्या कारवाईनंतर रामगढला आणि इतरत्र शीख सैनिकांनी बंड केलं. त्या सैनिकांच्या वेदनेची थट्टा करण्याचा आम्हाला अधिकार नाही. मुद्दा रचनेचा आहे. समाजाच्या वाटणीनं पलटणी उभ्या केल्या की एका समाजाचा घाव अख्ख्या पलटणीचा घाव होतो. शेजारच्या पाकिस्ताननं तर हाच वारसा डोळे मिटून पुढे चालवला. पंजाबी शूर, बंगाली भित्रा, हे साहेबाचं पाठांतर त्यांनी पूर्व बंगालवर लादलं. 1971 मध्ये त्याच बंगाल्यांनी बंदुका उचलून त्यांना उत्तर दिलं.

14 जून 2022 रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा भरती 'अखिल भारतीय, सर्व वर्ग' या तत्त्वावर होईल असं सरकारनं सांगितलं. तत्त्व बरोबर आहे. पण त्याच सुमारास रेजिमेंटची पद्धत बदलणार नाही असंही सांगितलं गेलं. शिवाय हे तत्त्व बांधलं गेलं चार वर्षांच्या नोकरीला, जिच्यानंतर चारातल्या तिघांना घरी जायचं आहे. समतेच्या नावाखाली कंत्राट, हा सौदा आम्हाला मान्य नाही. दरवाजा सगळ्यांना उघडा, आणि आत आलेल्याला पुरती नोकरी आणि पेन्शन द्या.

नव्या जातवार रेजिमेंट मागणाऱ्या बांधवांनाही आमचं सांगणं आहे. चमार रेजिमेंट परत द्या, अहीर रेजिमेंट द्या, या मागण्यांमागचा अपमान खरा आहे. पण नवी जातवार पलटण मागणं म्हणजे साहेबाच्या वाटणीत आपलाही एक हिस्सा मागणं. बाबासाहेबांनी 1941 मध्ये रेजिमेंट मागितली ती दरवाजाच बंद असताना. आज मागणी करायची ती ही वाटणीच रद्द करण्याची.

अधिकाऱ्याच्या घरी सहायक म्हणून जवान ठेवण्याची पद्धतही साहेबाच्याच काळाची देणगी. देशासाठी लढायला आलेल्या पोरानं बूट पुसावेत, बाजारहाट करावा, मुलांना शाळेत सोडावं? संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनं 2008 मध्येच ती बंद करण्याची शिफारस केली. नौदल आणि हवाई दल तिच्याशिवाय चालतात. भूदलानं ती ताबडतोब बंद करावी.

आणि आता बंदूक रोखण्याचा तो कायदा. 8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईच्या गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. आठवड्याभरात, 15 ऑगस्टला, व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा अध्यादेश काढला. दुसऱ्याच दिवशी चिमूर पेटलं आणि त्यानंतर तिथल्या बायाबापड्यांवर काय अत्याचार झाले ते चंद्रपूर जिल्हा विसरलेला नाही. तो अध्यादेश आपल्या माणसांना चिरडण्यासाठी होता. 1958 मध्ये स्वतंत्र भारताच्या संसदेनं त्याच साच्यावर सशस्त्र दल विशेष अधिकार कायदा (अफ्स्पा) केला, आणि तो मूळ अध्यादेशाहून कडक केला: गोळी घालण्याचा जो अधिकार इंग्रजांनी कॅप्टन व त्यावरच्या अधिकाऱ्याला दिला होता, तो आपण बिनसनदी अधिकाऱ्यापर्यंत (एनसीओ) खाली आणला. न्या. जीवन रेड्डी समितीनं 2005 मध्ये तो रद्द करा म्हणून सांगितलं. काही जिल्ह्यांतून तो उठवला गेला, पण कायदा कायम आहे. 4 डिसेंबर 2021 रोजी नागालँडमधल्या ओटिंगला खाणीतून घरी परतणारे सहा मजूर सैन्याच्या गोळ्यांनी मारले गेले. खटला चालवायला केंद्रानं परवानगी नाकारली. चिमूरच्या मातीतून आलेल्या माणसानं ओटिंगबद्दल गप्प बसू नये.

हे नियम स्वातंत्र्यानंतरही का टिकले, ते कळायला 1946 कडे पाहा. 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईत 'तलवार' या नौदल तळावरच्या खलाशांनी काम बंद केलं. हिंदू, मुसलमान, मराठी, पंजाबी, मद्रासी एकत्र उभे राहिले. परळचे गिरणी कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आले आणि गोळ्या झेलून पडले. त्या खलाशांना स्वतंत्र भारताच्या नौदलानं परत घेतलं नाही. आझाद हिंद सेनेच्या जवानांनाही सैन्यात परत घेतलं नाही. साहेबाची नोकरी इमानानं केलेले आत राहिले, त्याच्याविरुद्ध उभे राहिलेले बाहेर. सुधारणा अर्ध्यावर का थांबली, याचं एक उत्तर इथे आहे.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक रेजिमेंट, प्रत्येक कंपनी, राष्ट्रपतींचं अंगरक्षक दलसुद्धा, प्रत्येक भारतीयाला खुलं करा. रेजिमेंटची नावं, निशाणं, युद्धस्मारकं राहू द्या. जन्माची अट काढा. सहायक पद्धत बंद करा. 1958 चा कायदा रद्द करा.

तुमच्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडा. अपशिंगे मिलिटरीसारख्या सैनिकांच्या गावांनी पुढाकार घेतला तर दिल्लीला ऐकावंच लागेल. खासदार मत मागायला दारात आले की त्यांना विचारा: माझ्या पोराची छाती मोजा, धाव मोजा, त्याची जात कशाला मोजता? उत्तर लेखी मागा. हे पत्रक वाचून झालं की फेकू नका, पुढच्या माणसाच्या हातात द्या.