हललं म्हणजे जोडलं नव्हे!

"कंट्रोल्स चेक केले?" "हो, हलवून बघितले ना!" ग्लायडर जोडून झाल्यावरचं हे उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं. हलवून बघणं म्हणजे चेक नव्हे, मंडळी.

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. पुण्यात हडपसरला १९५० साली ग्लायडिंग सेंटर सुरू झालं, त्यामुळे पुणेकरांना हे नवीन नाही. ट्रेलरवरून न्यायचं तर त्याचे पंख आणि आडवी शेपटी काढतात आणि मैदानावर पुन्हा जोडतात. पंख बसले की फोटो, चहा... आणि कंट्रोल्सच्या जोडण्या? बऱ्याच जुन्या ग्लायडर्समध्ये त्या हातानेच कराव्या लागतात. गोळा खोबणीत बसवायचा, वर सेफ्टी पिन. गोळा अर्धवट बसला तरी जमिनीवर स्टिकबरोबर एलिव्हेटर छान हलू शकतो, कारण त्याच्यावर हवेचा जोरच नसतो. विंचच्या दोरावर नाक वर करून चढताना तो निसटला, तर पॅराशूट उघडण्याइतकी उंचीही हाताशी नसते.

उपाय फुकट आहे, फक्त माणसं दोन लागतात. एकाने बाहेरून एलिव्हेटर तळहाताने हलकेच धरून ठेवायचा, दुसऱ्याने आतून स्टिक ढकलायची. जोर दोघांनाही जाणवला पाहिजे. मग दोन्ही एलेरॉन, रडर, एअरब्रेक, एकेक करून. जोडणाऱ्याने एकट्याने तपासणं म्हणजे स्वतःच्या कोडचा स्वतःच रिव्ह्यू करणं!

आणि दिशा मोठ्याने बोलायची. स्टिक डावीकडे, डावा एलेरॉन वर. 'हे कोण चुकवणार?' २० मार्च २००१ ला फ्रँकफर्टहून उडालेल्या लुफ्तान्साच्या ए-३२० मध्ये दुरुस्तीनंतर कॅप्टनच्या स्टिकच्या वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. उड्डाणाआधी कंट्रोल्स हलवून बघितले होते. हलले! कुठल्या दिशेला, ते कोणी बघितलं नाही. सहवैमानिकाची स्टिक बरोबर होती, म्हणून विमान वाचलं.

'अनुभवी माणसाला रोज कशाला?' हा तर लाडका युक्तिवाद. ३१ मे २०१४, बेडफर्ड, अमेरिका. गल्फस्ट्रीम जेटच्या कंट्रोल्सचं लॉक काढायचं राहिलं, विमान उचललंच नाही, सातही जण गेले. तपासात निघालं की त्याच वैमानिकांनी आधीच्या १७५ टेकऑफपैकी ९८ टक्के वेळा पूर्ण कंट्रोल चेक केलाच नव्हता. म्हणजे 'आजवर काही झालं नाही' हा पुरावा नाही, ती फक्त उधारी आहे.

आमच्या नंदुरबारला मिरचीची पोती भरून बैलगाडी निघायची, तेव्हा आजोबा चाकाची खीळ नुसती बघत नसत, ओढून बघत. रोज. आयुष्यभर गाडी हाकूनसुद्धा.

घाई आहे? मग आज उडू नका. दुसरा माणूस नाही? तरीही उडू नका. ग्लायडर उद्याही तिथेच असेल.