मुडदा आमचा, मथळा त्यांचा

पेपरवाले म्हणतात, आम्ही समाजाचा आरसा. असेल. पण आरसा टांगलाय त्यांच्या दिवाणखान्यात. गावकुसाबाहेरचं त्यात दिसणार कसं?

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी. भोतमांगेंच्या घरातली आई, मुलगी आणि दोन मुलगे गावातल्या जमावानं हालहाल करून मारले. जमिनीचा तंटा होता. वर मायलेकींनी मारहाणीच्या एका प्रकरणात साक्ष दिली होती. दलित बाई आणि साक्ष देते? हाच गुन्हा. पण सुरुवातीच्या बातम्यांत काय आलं? अनैतिक संबंध! बाई जिवानिशी गेली, वर तिची अब्रूही चव्हाट्यावर टांगली. पोलिसांनी सांगितलं ते ह्यांनी छापलं. जात कुठं गेली? गिळली.

मी गोदीत माल उचलतो. तिथं साखरेची एक गोणी फुटली तरी टॅली क्लार्क लिहून घेतो. आमचा माणूस फुटला की ह्यांची पेनं सुकतात.

नोव्हेंबरात विदर्भात आपली माणसं रस्त्यावर आली, लाठ्या खाल्ल्या, तेव्हा कुठं खैरलांजी नकाशावर उगवलं. मग कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, आणि ३० नोव्हेंबरला उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळाले. चार मुडद्यांसाठी महिनाभर न उघडलेले डोळे डब्यांसाठी एका रात्रीत उघडले. गाडी जाळा असं मी म्हणत नाही. तिच्यात पोटामागं धावणारी माणसंच बसतात. मी विचारतोय, भाव कशाला किती?

२००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली हायकोर्टानं फाशीची पंचवीस वर्षं केली. अ‍ॅट्रॉसिटी कायदा दोन्हीकडं लागला नाही. आधी बातमीतून जात पुसली, मग निकालातून.

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढलं, तेव्हा पैसे मोजूनही 'केसरी'नं त्याची जाहिरात घेतली नव्हती. त्यांना तेव्हाच कळलं होतं, दुसऱ्याच्या तोंडानं बोलता येत नाही.

तेव्हा दोस्तहो, पत्रकार दारात आला की त्याला विचारा: पोलिसाआधी आमच्या माणसाला भेटलास का? मारणाऱ्याची जात लिहिणार का? एफआयआरमधलं कलम वाचलंस का? नाही म्हणाला तर वही काढा. तारीख, गाव, कलम, साक्षीदाराचं म्हणणं आपल्याच हातानं लिहा. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. लिहिणारा सरळ पाहिजे.