जिवंत परतलेल्यांचे काय?

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतील स्फोटात अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, हे उचितच आहे. परंतु जे जिवंत परततात, त्यांची विचारपूस कोण करतो? २०१४ साली माळीणच्या चिखलातून दिवसामागून दिवस मृतदेह काढणाऱ्यांनी जे पाहिले, ते गणवेशाबरोबर खुंटीला टांगून ठेवता येत नाही. अशा प्रसंगानंतर झोप उडणे, तेच दृश्य पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येणे ही भित्रेपणाची लक्षणे नव्हेत; आघाताची ती स्वाभाविक प्रतिक्रिया होय. विश्रांती आणि सहकाऱ्यांचा आधार लाभल्यास बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात. त्रास महिन्याहून अधिक टिकला, तर मात्र उपचार हवेत. घडलेली हकीकत सक्तीने वदवून घेण्याने लाभ होत नाही. जवानाला बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकून घेणारा वरिष्ठ हवा. समुपदेशकाकडे गेल्याची नोंद बढतीच्या आड येणार नाही, ही हमीही हवी. हुतात्म्यांना मानवंदना देणाऱ्या शासनाने जिवंतांच्या झोपेचीही चिंता वाहावी.