नंबर नको, मिनिटं मोजा!

२०१८ मध्ये केंद्राच्या राहण्यायोग्य शहरांच्या यादीत आपलं पुणे पहिलं आलं, २०२० च्या यादीत दुसरं. आनंद आहे. पण अख्ख्या शहराला दिलेल्या एका नंबरातून माझ्या प्रभागातला बसस्टॉप कसा आहे, ते कळतं का?

किती कोटी खर्च झाले, किती किलोमीटर रस्ता झाला, हा कामाचा हिशोब झाला, उपयोगाचा नाही. २००६ चं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणच सांगतं, गाड्या नव्हे, माणसं पुढे न्या. मग तेच मोजा ना! बससाठी किती मिनिटं थांबावं लागतं? आजोबांना रस्ता ओलांडता येतो का? पोरं चालत शाळेत जातात का?

दर सहा महिन्यांनी प्रभागनिहाय आकडे लावा. मत मागायला येणाऱ्याकडे मी उद्घाटनाचे फोटो नाही, हे आकडे मागणार. तुम्हीही मागा.