पेनिसिलिनच्या गावात नवं औषध

मागच्या महिन्यात निगडीच्या बैठकीत एका मैत्रिणीनं पर्समधून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. ती चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. तिच्या बहिणीचा स्तनाचा कॅन्सर हाडांत पसरला आहे. विषाणू वापरून कॅन्सर मारणारा उपचार मुंबईत तयार झाला, असं कात्रणात होतं. तिनं विचारलं, "ताई, हे बहिणीला मिळेल का?"

नाही मिळणार. आणि याची कारणं दोन आहेत, ती एकमेकांत मिसळू नयेत.

तो उपचार म्हणजे नेक्सकार19. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तो घडवला. ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली, एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचा प्रारंभ झाला. रुग्णाच्या रक्तातल्या टी पेशी काढून घेतात. एचआयव्हीच्या कुळातला, पण रोग करण्याची ताकद काढून टाकलेला विषाणू त्यांच्यात एक नवा जनुक नेऊन सोडतो. मग त्या पेशी रुग्णाला परत देतात आणि त्या कॅन्सरच्या पेशी ओळखून मारतात. (ज्या रोगाच्या नावानं आपल्या ओळखीच्या कितीतरी बायकांना सासरच्यांनी घराबाहेर काढलं, त्याच विषाणूचा सांगाडा आज औषध वाहून नेतो आहे!)

पण हा नेम सीडी19 या खुणेवर धरलेला आहे. ती काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये असते, आणि ती असलेल्या निरोगी पेशी मेल्या तरी माणूस जगू शकतो. स्तनाच्या कॅन्सरच्या खुणा थोड्याफार प्रमाणात निरोगी अवयवांवरही असतात. 2010 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक नोंद प्रसिद्ध केली. आतड्याचा कॅन्सर पसरलेल्या 39 वर्षांच्या एका रुग्णाला हर्2 या खुणेवर नेम धरलेल्या पेशी दिल्या, त्यांनी बहुधा फुफ्फुसांवरच हल्ला केला आणि पाच दिवसांत मृत्यू आला. हीच खूण काही बायकांच्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये असते. तेव्हा संशोधक जपून चालले आहेत, हे बरंच आहे. चालू उपचार सोडून कात्रणामागे धावू नका, असं मी तिला स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्या कारणाचा मात्र मला राग येतो. उद्या हा उपचार स्तनाच्या कॅन्सरवर लागू पडला तरी तो तिच्या बहिणीपर्यंत कसा पोचणार? आजची किंमत 30 ते 40 लाखांच्या घरात आहे. अमेरिकेत 3 कोटींहून अधिक लागतात, म्हणून याला 'स्वस्त' म्हणायचं. जनआरोग्य योजनेची सर्वसाधारण मर्यादा कुटुंबाला वर्षाला 5 लाख. ईएसआय म्हणावं, तर पगारातून हप्ते नियमित जायला हवेत, आणि ठेकेदार मधेच ब्रेक देऊन मोकळा होतो. राहिलं घर. नवऱ्यासाठी, मुलासाठी जमीन विकलेली मी पाहिली आहे. सुनेसाठी मात्र "माहेरच्यांना विचारा" हेच ऐकलं आहे. उपचार जितका महाग, तितकी बाई रांगेत मागे.

ही किंमत देवानं ठरवलेली नाही. संशोधन सरकारी संस्थांत झालं, त्यात सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा पैसा आहे, आणि उपचार विकते इम्युनोॲक्ट ही खासगी कंपनी. त्या शास्त्रज्ञांचं श्रेय मी कमी करत नाही. जनुक वाहून नेणारा विषाणू बाहेरून न आणता त्यांनी इथंच तयार केला, किंमत उतरण्याचं ते एक मोठं कारण. पण मग हा विषाणू सरकारी कारखान्यात का तयार होऊ नये?

पिंपरीकरांना हे नव्यानं सांगायला नको. 1954 मध्ये इथं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, आपली एच.ए. कंपनी, उभी राहिली. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेनं मदत केली, आणि 1955 पासून पेनिसिलिन इथं बनू लागलं. तेही त्या काळचं नवलाचं औषधच होतं. नव्वदच्या दशकात ही कंपनी आजारी उद्योगांत गेली, आणि डिसेंबर 2016 मध्ये देणी भागवण्यासाठी तिची जादा जमीन विकायचं केंद्रानं ठरवलं. जिवंत विषाणूंचं काम पेनिसिलिनपेक्षा वेगळं, यंत्रं नवी, माणसं नव्यानं शिकवायला हवीत, हे मला कळतं. 1954 मध्ये तरी कोणाला येत होतं?

आमच्या बैठकीत यावर वाद झाला. आधी प्रत्येक वस्तीत स्तनतपासणी तर होऊ दे, असं काहीजणी म्हणाल्या. ती हवीच, पण गरिबीणींना तपासणी आणि श्रीमंतांना उपचार ही वाटणी मला मान्य नाही. एच.ए.च्या जागेवर सरकारनं असा कारखाना काढावा, अशी मागणी करायचं शेवटी ठरलं. पत्र रसायन मंत्रालयाला की आरोग्य मंत्रालयाला यावरही बोलणं झालं, आणि दोन्हीकडे पाठवायचं ठरलं. मसुदा मैत्रिणीच्या कात्रणासह मंडळात ठेवला आहे. सह्या पुढच्या बैठकीपर्यंत घेऊ.