बांधावरील जुने झाड व सालीवरील टाचण्या

आपल्या मासिकातून बी-बियाणे, खते, कीड व बाजारभाव या विषयांवर उपयुक्त मजकूर नेहमी येत असतो. आज ज्या वस्तूचा भाव कोणत्याच बाजारात निघत नाही, तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याची वाचकबंधूंनी परवानगी द्यावी. ती वस्तू म्हणजे झाडाची जुनी साल व तिच्यावर वाढणारे शैवाक होय. मसाल्यातील दगडफूल सर्वांच्या परिचयाचे आहे. ते एक शैवाकच. आपल्या आंब्याच्या खोडावर जे राखी, पांढरट वा हिरवट डाग व पापुद्रे दिसतात, तेही बहुधा त्याच जातकुळीचे असतात.

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेले. महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्यान्वये आंबा, चिंच, मोह आदी झाडे स्वतःच्या जमिनीत असली तरी ती तोडण्यास पूर्वपरवानगी लागते. त्या परवानगीचे अर्ज आमच्या हाताखालून जात. पुष्कळ अर्जांत कारण एकच असे : 'सालीवर बुरशी चढली असून झाड रोगट झाले आहे.' आम्ही तेच वाक्य टिपणीत उतरवीत असू. ते खोटे आहे असे तेव्हा वाटले नाही, कारण खरे काय ते आम्हांस ठाऊकच नव्हते. त्या एका वाक्यावर किती आंबे व चिंचा आडव्या झाल्या, याचा हिशेब आता मांडता येणार नाही. हा लेख काही अंशी त्याचे प्रायश्चित्त समजावे.

शैवाक म्हणजे एक वनस्पती नसून दोन जीवांचा संसार आहे. बुरशी घर बांधते व ओलावा धरून ठेवते. तिच्या आश्रयाने राहणारे सूक्ष्म शैवाल उन्हाच्या साहाय्याने अन्न तयार करते. श्वेन्डेनर या स्विस शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे प्रथम मांडले, तेव्हा त्या काळच्या जाणत्यांनी त्याची थट्टा केली. पुढे तेच खरे ठरले. शैवाकास लागणारे पाणी व क्षार पावसातून, दवातून व हवेतील धुळीतून मिळतात. झाडाचा जीवनरस ते शोषीत नाही; साल ही त्याची केवळ बसण्याची जागा आहे. बांडगुळाची गोष्ट निराळी. ते फांदीत आपली मुळे घुसवून तिचा रस ओढते व ते कापून काढलेच पाहिजे. परंतु बांडगूळ व शैवाक यांस एकाच माळेत ओवणे हा अन्याय आहे. झाड थकले, पालवी विरळ झाली की खोडावर ऊन अधिक पोहोचते व शैवाक वाढते. आपण मात्र परिणामालाच कारण समजतो, आणि खुरप्याने साल खरवडून धडधाकट झाडास जखमा करतो. त्याच जखमांतून मग खरा रोग व कीड आत शिरते.

हे सर्व आम्हांस कळले ते आमच्या भाच्यामुळे. तो नोकरीनिमित्त स्वीडन देशात लिंशोपिंग या शहरी असतो. त्या शहराच्या आसपास जुन्या ओक वृक्षांची मोठी राने आहेत. मागील वर्षी त्याने अशाच एका ओकाच्या सालीचे, भिंगातून काढलेले छायाचित्र धाडले. सालीच्या भेगेत काळपट टाचण्यांची ओळ कोणी टोचून ठेवावी, असे ते दृश्य होते. टाचणीची उंची एक-दोन मिलिमीटर, दांडी केसासारखी, व माथ्यावर तपकिरी भुकटीचा गोंडा. ही भुकटी म्हणजे त्या शैवाकाचे बीजाणू. बोट लावले असता ती बोटास चिकटते; वारा, किडे व पाखरे यांच्या अंगास लागूनच तिचा प्रसार होतो. यास तिकडे टाचणी-शैवाक म्हणतात. युरोपातील बाल्टिक किनाऱ्याच्या अंबरात, म्हणजे गोठलेल्या प्राचीन राळेत, या कुळाचे साडेतीन कोटी वर्षांच्या आसपासचे नमुने सापडले आहेत.

या टाचण्यांतील कित्येक जाती कोवळ्या सालीवर सहसा राहत नाहीत. पावसाचा थेट मारा न लागणारी खोल भेग त्यांस हवी, आणि ओकाच्या सालीस तशी भेग पडण्यास कित्येक पिढ्या जाव्या लागतात. म्हणूनच उप्साला विद्यापीठाचे टिबेल यांनी १९९२ साली असे दाखविले की, रान किती काळ अखंड उभे आहे हे सालीवरील अशा शैवाकांवरून ओळखता येते. तेथील वनखातेही यांतील काही जातींस जपण्याजोग्या रानाची खूण मानते. दप्तर जळेल, नकाशा हरवेल. परंतु सालीवरील ही नोंद खोटी करता येत नाही.

त्याच देशातील ओकांची हकीकत महसुली माणसास विचार करावयास लावणारी आहे. राजा गुस्ताव वासा याने १५५८ साली ओक ही राजाची मालमत्ता ठरविली. पुढे आरमाराच्या जहाजांसाठी हे लाकूड राखले गेले, व शेतकऱ्यास स्वतःच्या शेतातील ओक तोडण्याची बंदी झाली. परिणामी शेतकरी त्या झाडाचा द्वेष करू लागला. रोप उगवताच तो उपटून टाकी. १८३० साली करभरू जमिनीवरील ओकांचा हक्क शेतकऱ्यांस मिळाला, आणि कुऱ्हाडी चालू लागल्या. जे आज उरले आहेत, त्यांच्यावर त्या टाचण्या तग धरून आहेत.

यावरून आमचे मत असे की, केवळ कायद्याने झाड वाचत नाही. कायदा कुऱ्हाड लांबणीवर टाकतो, आणि अर्जात योग्य वाक्य लिहिता आले की तीही अडचण उरत नाही. झाड वाचते ते धन्याच्या अभिमानाने. टाचणी-शैवाक मुख्यत्वे थंड मुलखातील. ते आपल्या बांधावर सापडेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु जुन्या सालीचा न्याय येथेही तोच आहे. रायवळ आंब्याचे रोप आज लावले, तर आपल्या आज्याने लावलेल्या आंब्यासारखी भेगाळलेली साल आपल्या नातवास दिसेल, आपणांस नव्हे.

यावर आक्षेप येईल की, बांधावरील मोठ्या झाडाच्या सावलीने पीक मारले जाते. ही तक्रार खोटी नाही. शेतात उभे राहून पोटास लागणारे दाणे मोजणाऱ्यास शैवाकाचे कौतुक सांगणे सोपे आहे, हेही आम्ही जाणतो. उत्तरेच्या बांधावर झाड ठेवावे, तर सावली शेजाऱ्याकडे जाते, व बांधाचे तंटे किती पिढ्या चालतात हे महसूल कारकुनास सांगावयास नको. म्हणून आमचे मागणे माफक आहे. प्रत्येक खातेदाराने विहिरीपाशी, ओढ्याकाठी किंवा गोठ्यामागे निदान एक जुने झाड राखावे. त्याची साल खरवडू नये; निव्वळ शैवाकासाठी तिच्यावर मोरचूद-चुन्याचा फवारा मारू नये. झाड खरोखर रोगट आहे की काय, हे सालीवरून न ठरविता पालवी, डिंक व खोडातील छिद्रे पाहून ठरवावे.

आणि तोडण्याचा अर्ज लिहिण्याची वेळ आलीच, तर कारण खरे लिहावे. पैशाची गरज असेल तर तसे म्हणावे. त्यात लाज नाही. मात्र निरपराध शैवाकावर रोगाचा आळ घालू नये. ते खोटे वाक्य पुढे कोणीतरी कारकून टिपणीत उतरवील, आणि त्याचे ओझे म्हातारपणी वाहील.