हृदयाचा हिशेब मुखापासून

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील एका कारकुनाच्या हृदयाची झडप निकामी झाली आणि ती बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना आधी दंतवैद्याकडे पाठविले. दात आणि हिरड्या तपासून घ्या, किडलेल्या दातांचा निकाल लावा, तसे पत्र आणा. मगच तारीख मिळेल, असे त्यांना सांगण्यात आले. "शस्त्रक्रिया हृदयाची आणि दाखला दातांचा, हा कोठला न्याय, सर?" असा प्रश्न त्यांनी प्रस्तुत लेखकास केला. प्रश्न विनोदाने केलेला असला तरी त्याचे उत्तर गंभीर आहे. आणि ते केवळ वैद्यकाशी नव्हे, तर आपल्या सार्वजनिक खर्चाच्या हिशेबाशीही निगडित आहे.

या उत्तराचा पहिला भाग निर्विवाद होय. मुखामध्ये असंख्य जंतू नांदत असतात. हिरड्या सुजलेल्या असल्या, की घास चावताना किंवा दात घासतानादेखील ते रक्तात शिरतात. निरोगी माणसाचे शरीर त्यांचा लवकरच बंदोबस्त करते. परंतु हृदयाची झडप सदोष किंवा कृत्रिम असेल, तर हेच जंतू तिच्यावर ठाण मांडतात आणि जिवावर बेतणारा दाह निर्माण करतात. आपल्या देशात लहानपणीच्या संधिवातज्वराने झडपा बिघडलेले रुग्ण आजही आढळतात. हा ज्वर दाटीवाटीच्या, दरिद्री वस्त्यांतील मुलांना अधिक गाठतो. म्हणजे ज्याच्या हृदयाला स्वच्छ मुखाची सर्वाधिक गरज, त्यालाच दंतवैद्य सर्वांत दूर, असा हा उफराटा प्रकार आहे.

उत्तराचा दुसरा भाग इतका सरळ नाही. झडपा धडधाकट असलेल्या प्रौढ माणसाच्या हिरड्यांचा रोग, ज्याला आपण पायरिया म्हणतो, त्याच्या हृदयविकाराला कारण होतो काय? १९८९ साली फिनलंडमधील संशोधकांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या सुमारे शंभर रुग्णांची तुलना तितक्याच इतर लोकांशी केली, तेव्हा रुग्णांचे दातांचे आरोग्य अधिक वाईट असल्याचे दिसून आले. २००७ साली लंडनमध्ये १२० रुग्णांवर झालेल्या प्रयोगात हिरड्यांवर कसून उपचार केल्यानंतर पहिल्या दिवशी रक्तवाहिन्यांचे कार्य थोडे बिघडले, पण सहा महिन्यांनी ते सुधारलेले आढळले. दीर्घकाळ धुमसणारा दाह रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करीत असावा, असे यावरून मानण्यास जागा आहे.

तथापि दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा अर्थशास्त्राच्या वर्गातील पहिला धडा येथेही विसरता कामा नये. जो तंबाखू खातो, ज्याला मधुमेह आहे, ज्याच्या ताटात भाजी-फळे क्वचित येतात, त्याच्या हिरड्याही बिघडतात आणि हृदयही बिघडते. २०१२ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने उपलब्ध पुराव्याचा आढावा घेऊन हाच विवेक दाखविला: इतर कारणे वजा केल्यावरही संबंध उरतो, परंतु कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. हिरड्यांवर उपचार केल्याने हृदयविकाराचे झटके टळतात, याचा निर्णायक पुरावा आजही हाती नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य देशांत साऱ्या रोगांचे मूळ दातांत शोधण्याचे खूळ माजले होते आणि त्यापायी असंख्य लोकांचे चांगले दात उपटले गेले. त्या अतिरेकाची पुनरावृत्ती कोणासही नको आहे. रक्तदाबाच्या गोळ्या सोडून मंजनावर भिस्त ठेवणे, हा तर शुद्ध आत्मघात ठरेल.

मग या अपुऱ्या ज्ञानाचे करायचे काय? शास्त्रज्ञांचा अंतिम निकाल येईपर्यंत स्वस्थ बसावे काय? प्रस्तुत लेखकाचे मत असे, की धोरण ठरविण्यासाठी त्या निकालाची वाट पाहण्याचे कारणच नाही. हिरड्यांचा रोग हा स्वतःच दात गमावण्याचे मोठे कारण आहे. मधुमेहाने तो बळावतो आणि त्याच्यामुळे रक्तातील साखर आटोक्यात आणणे कठीण होते. हिरड्यांतून येणारे रक्त हृदयविकाराचे कारण असो वा नसो, ती शरीराने बजावलेली एक नोटीस आहे. दुखणे नसल्यामुळे ती नोटीस आपण न वाचताच फाडून टाकतो. "दात साफ केले की ते हलू लागतात" हा गैरसमज तर सुशिक्षितांतही आढळतो. कीटण काढल्याने दात हलत नाहीत. कीटणाखाली हाड आधीच झिजलेले असते, ते तेव्हा उघडकीस येते, इतकेच.

आपल्या नागपुरात या प्रश्नाला खर्र्याची जोड आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होते. २०१२ साली राज्याने गुटख्यावर बंदी घातली; पण चौकाचौकांतील टपऱ्यांवर खर्रा घोटला जात नाही, असे या शहराचा कोणी रहिवासी शपथेवर सांगू शकणार नाही. विदर्भाच्या खेड्यांत पुष्कळ स्त्रिया तंबाखूच्या गुडाखूने दात घासतात. जे दातांच्या स्वच्छतेचे साधन समजले जाते, तेच मुख आणि हृदय या दोहोंचे वैरी आहे!

आता खर्चाची बाजू पाहू. २०१२ साली जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी राज्याची योजना हृदयाच्या महागड्या शस्त्रक्रियांचा भार उचलते. ते योग्यच आहे. तिच्यामुळे अनेक संसार सावरले. परंतु अशा योजनांचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर असल्यामुळे हिरड्यांची साधी सफाई सामान्यतः त्यांच्या कक्षेबाहेर राहते. टूथपेस्ट आणि ब्रशवर २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत १८ टक्के वस्तू व सेवा कर होता. तो ५ टक्क्यांवर आला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण दात कोरून पोट भरत नाही. प्रतिबंधावर चार पैसे वाचवायचे आणि शस्त्रक्रियेवर लाखो मोजायचे, याला काटकसर म्हणता येणार नाही.

उपाय अवाढव्य नाहीत. नागपुरात १९६८ पासून शासकीय दंतवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे आणि खासगी दंत महाविद्यालयांत दरवर्षी तरुण दंतवैद्य तयार होतात, तर खेड्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य सहसा नसतो. राष्ट्रीय मुख आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ मध्ये सुरू झाला, त्याचा हात तिथवर पोहोचला पाहिजे. आठवड्यातून एक दिवस जरी दंतवैद्य केंद्रात बसला तरी पुष्कळ साधेल. दातांसाठी आलेल्या चाळिशीपुढील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तेथेच तपासावी. मधुमेहाच्या व हृदयविकाराच्या बाह्यरुग्ण विभागात प्रत्येकास हिरड्यांविषयी विचारावे. यासाठी नवी इमारत लागत नाही. एका खोलीतील डॉक्टरने दुसऱ्या खोलीतील डॉक्टरला चिठ्ठी लिहावी, एवढेच लागते. शिक्षकबंधूंनीही वर्गात पाच मिनिटे या विषयाला द्यावीत आणि त्या पाच मिनिटांपूर्वी आपल्या खिशातील पुडी बाहेर टाकावी.

आमच्या कारकून महाशयांचे तीन दात काढावे लागले, मग झडप बदलली. आज ते कामावर आहेत. "हे दात दहा वर्षांपूर्वीच दाखवले असते तर?" असे ते आता विचारतात. झडप वाचली असती, असे त्यांना सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण दात खचितच वाचले असते आणि तपासणीच्या निमित्ताने कदाचित हृदयाची तक्रारही लवकर ध्यानी आली असती. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण दैवाला उद्देशून वापरतो. ती आपल्या आरोग्य-नियोजनालाही लागू पडावी, ही शोचनीय गोष्ट आहे.